रिकाम्या चौकटीतले चित्र

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे आणि मी फार रागावलेले आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

लाँड्रीत कपड्यांना वाफेची इस्त्री करणारे यंत्र असते. त्याच्या टाकीला जुळ्या भावंडांसारखे दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून पाणी आत येते, दुसऱ्यातून कोंडलेली वाफ बाहेर जाते. झाकण काढण्याआधी वाफ सोडावीच लागते. कोणता व्हॉल्व्ह कोणता, हे शब्दांत सांगून भागेना. म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपनीतल्या चित्रकार बाई कारखान्यात यंत्रासमोर स्टूल टाकून बसल्या आणि त्यांनी मला काढले. व्हॉल्व्हवरचा हात त्यांनी स्वतःचाच हात बघून काढला.

संगणकातल्या 'चित्रे' नावाच्या फोल्डरमध्ये मी राहू लागले. यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा मजकूर शेजारीच होता, एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेला. अशा मजकुरात चित्र नसते, फक्त त्याचा पत्ता असतो: शेजारच्या 'चित्रे' फोल्डरमध्ये बघ. पुस्तिका बनवताना प्रोग्राम तो पत्ता वाची, मला घेऊन येई आणि पानावर बसवी. मेकॅनिक म्हणत, "ते हाताचं चित्र दाखवा, मग बोलायचं कामच नाही." मी फुलून जाई.

मग नवे साहेब आले. नीटनेटकेपणाच्या नावाखाली त्यांनी सगळा मजकूर दुसरीकडे हलवला. आम्हा चित्रांना जागचे कुणी हलवले नाही. पत्त्यात 'शेजारी' तसेच राहिले, पण मजकुराला आता शेजारच नव्हता. प्रोग्राम मला शोधून रिकाम्या हातांनी परतला आणि पडद्यावर तसे सांगून मोकळा झाला.

"साहेब, एक चित्र सापडत नाही म्हणतोय," पाने लावणारा म्हणाला.

"पुस्तिका तयार झाली ना? मग पाठव छापायला. एका चित्रानं काय आकाश कोसळणार आहे?"

छापून आलेल्या पानावर माझ्या जागी रिकामी चौकट होती. खाली ओळ मात्र ठसठशीत: 'चित्रात दाखवलेला व्हॉल्व्ह आधी उघडा.'

एक दिवस एक माणूस ती पुस्तिका घेऊन ऑफिसात आला. त्याची बायको लाँड्रीत कामाला होती.

"तिनं वाचलं होतं हो!" तो ओरडला. "वाचूनच एक व्हॉल्व्ह उघडला, मग झाकण काढलं. कोपरापर्यंत हात भाजलाय. दाखवा ना, कुठाय यात चित्र?"

साहेब खाली बघत म्हणाले, "दुर्दैवानं ते चित्र हरवलं होतं."

मित्रांनो, माझ्या रेघारेघांची आग झाली. मी हरवले नव्हते! मला जिथे ठेवले तिथेच मी होते. तोंड असते तर तिथल्या तिथे साहेबांना सुनावले असते.

चित्रकार बाईंना बोलावले. त्यांनी फोल्डर उघडला आणि क्षणात मी समोर. "हे काय, इथंच तर आहे," त्या म्हणाल्या. "शोधलं कुणी?"



प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंनी पत्ता सुधारला. वर एक नियम घातला: चित्र सापडले नाही तर पुस्तिका तयारच होणार नाही. साहेब कुरकुरले, "एका चित्रासाठी सगळं काम अडवायचं?"

"हो, अडवायचं," चित्रकार बाई म्हणाल्या.

जुन्या पुस्तिका परत मागवल्या. नव्या पुस्तिकेतून मी त्या लाँड्रीत पोचले. ती बाई कामावर परतली होती. बोटे अजून नीट मिटत नव्हती. तिने पान उघडले, चित्रातल्या हातावर आपला हात ठेवला आणि शेजारणीला विचारले, "अगं, इतकं सोपं होतं?"

राग यानेच येतो, मित्रांनो. इतके सोपे होते. म्हणून विनवते, रिकामी चौकट दिसली तर पान उलटून पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा, इथे काय होते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.