विकणाऱ्याची भूमिका

"अटलांटिकच्या या काठावर असं एकच घराणं आहे, ज्याने माणूस कधी विकला नाही आणि कधी विकत घेतला नाही, आणि त्या घराण्याचा मी मुलगा आहे," असं आतो एगान यांनी चर्चच्या वेदीसमोर उभं राहून जाहीर केलं, आणि त्याच दमात विचारलं, "तर आता गुलाम कोण कोण होणार?"

कुणीच हात वर केला नाही. महिला मंडळाच्या बायका पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या. मग एगानसाहेबांनी प्रत्येक तालमीला पानात बांधलेली मक्याची केंकी आणि तळलेला मासा देऊ केला, तेव्हा कुठे हात वर झाले. मान्सा पाववालीने तर दोन्ही केले.

"साहेब, मासा अख्खा की शेपटाकडचा?"

"अख्खा."

"मग मला साखळदंडसुद्धा घाला."

अशा रीतीने, माणूस कधीही विकत न घेतलेल्या घराण्याच्या या मुलाने पहिल्याच दुपारी अर्धं महिला मंडळ विकत घेतलं.

सुआनो हे घानातल्या केप कोस्टच्या पश्चिमेचं मासेमारीचं गाव. तिथल्या चर्चच्या वर्धापनदिनाला गुलामांच्या व्यापारावर नाटक करायचं ही कल्पना एगानसाहेबांची, लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि गरजही त्यांचीच. सगळी नोकरी त्यांनी बंदरावर, कस्टममध्ये काढली होती. दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारता मारता आपल्यावरही एखादा शिक्का बसावा असं त्यांना वाटू लागलं होतं. हवा होता तो कुळप्रमुखाचा. जुना प्रमुख वारून वर्ष झालं होतं आणि नाटकानंतरच्या शनिवारी नवा निवडायचा होता. तिथे कूळ आईकडून चालतं, म्हणून शेवटचा शब्द कुळातल्या सर्वांत थोरल्या बाईचा, म्हणजे अराबाआजीचा. आजी नव्वदीची. कुणाचा वंश कुठून कसा आला हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि तिथून ते कधी बाहेर आलं नव्हतं. एगानसाहेबांचं नाव काढलं की ती दात कोरायला लागायची.

म्हणून साहेबांनी स्वतःला राजाचं काम दिलं होतं. गुलामांचा सौदा होणार, तेवढ्यात राजा तलवार उपसून धावत येणार आणि गरजणार, "थांबा. मी एफुवा न्यार्कोवाचा वंशज आहे." एफुवा न्यार्कोवा ही त्यांच्या आईच्या आईची आजी. तिच्या नावाची पाटी त्यांच्या घरावर होती, तिच्याच नावाने थोरल्या मुलीचं बारसं झालं होतं. राजा गरजला की गुलाम सुटणार, आजी पहिल्या रांगेत डोळे पुसणार, पुढचं शनिवारी.

"सगळेच सुटले?" पाद्रीबाई डेला यांनी तालमीत विचारलं. त्या व्होल्टा नदीपलीकडच्या, नव्यानेच बदलून आलेल्या, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारायची सवय होती. "मग अमेरिकेत गेले ते कोण?"

"ते शेजारच्या गावचे."

गोऱ्या कप्तानाच्या कामासाठी गावात चुरस लागली. शेवटी ते बोटवे ड्रायव्हरला मिळालं, कारण गुडघ्यापर्यंतचे बूट त्याच्याकडे होते. तो दोन दिवसांत नाकातून बोलू लागला आणि गाडीतल्या उतारूंनाही "ए नेटिव्ह, पुढे सरक" म्हणू लागला. बंदिवान बायका नव्या वेण्या घालून, वर्धापनदिनाच्या छापाचं कापड नेसून तालमीला आल्या. साहेबांनी हरकत घेतली, तर म्हणाल्या, "गुलाम झालो म्हणून काय लोकांसमोर असंच जायचं?"

अडलं ते विकणाऱ्यापाशी. कप्तानाच्या हाती माणसं देणारा, आपलाच, काळा व्यापारी. त्या कामाला कुणी तयार होईना.

"उद्या मासळीबाजारात माझ्या बायकोला म्हणतील, नवऱ्याचे हात सरावलेले दिसले हो," बोटवेचा भाऊ म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. सुआनोत भांडताना माणसाला डुक्कर म्हटलेलं चालतं, त्याच्या सासूला चेटकीण म्हटलेलं चालतं. पण कोण मुळात कुठून आलं, कुणाच्या दारात कसं आलं, हे तोंडाने काढायचं नाही. जो काढेल त्याला वडीलधाऱ्यांपुढे एक मेंढी दंड. सगळ्यांना थोडं थोडं ठाऊक असतं आणि सगळे मेंढीला भितात.

एगानसाहेबांनी विकणारा सरळ कापून टाकला. आता बंदिवान आपले आपणच चालत किनाऱ्यावरच्या गोऱ्यांच्या किल्ल्यापाशी येत आणि बोटवे त्यांना ताब्यात घेई.

"पण साहेब, यांना विकलं कुणी?" पाद्रीबाई म्हणाल्या.

बायका केंकीची पानं सोडवू लागल्या.

"मी विकते," मागून आवाज आला.

अराबाआजी रोज माशाच्या वासाने तालमीला यायची आणि मागच्या बाकावर झोपायची. आता ती काठी टेकत पुढे आली होती. "विकणारा बाप्याच असला पाहिजे असं कुठे लिहिलंय का? मला एक खुर्ची द्या. बोलायचं किती आहे?"

"एकच वाक्य, आजी," साहेब हरखून म्हणाले. "'घेऊन जा, मला काय त्याचं.'"

"एवढं येईल."

त्या संध्याकाळी साहेब शीळ घालत घरी गेले. जिच्या हातात आपलं प्रमुखपण, ती आपल्याच नाटकात, आपलंच वाक्य पाठ करत्येय. आणखी काय हवं?

रविवारी प्रार्थनेनंतर चर्च गच्च भरलं. कुळातली वडील मंडळी पुढे बसली होती, मधोमध ओटूमामा, एगानसाहेबांच्या आईचा धाकटा भाऊ. पुठ्ठ्याचा किल्ला उभा राहिला. बंदिवान बायका विव्हळत आल्या. मान्सा इतकी मनापासून विव्हळली की तिचं गिऱ्हाईक असलेल्या एका बाईने "काय झालं गं?" म्हणून विचारलं. लोक हसले. बोटवे बूट आपटत आला आणि नाकातून म्हणाला, "बाई, माल दाखवा."

पडद्यामागे एगानसाहेब तलवार घेऊन तयार होते. आजीचं एक वाक्य, की आपण बाहेर.

आजी ते वाक्य बोललीच नाही. ती खुर्चीतून उठली. काठी तिने खुर्चीला टेकवून ठेवली आणि काठीशिवाय चालत पहिल्या बाईपाशी गेली. दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली, अंगठ्याने ओठ वर करून दात पाहिले. दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती परत कशी बसते ते पाहिलं. मग तिला पाठमोरी करून गुडघ्यामागे हाताच्या कडेने एक टोला दिला. बाई वाकली, तशी आजीने मान हलवली.

"जहाजावर," ती म्हणाली.

मागे कुणीतरी हसायला लागलं होतं ते मध्येच थांबलं. आजी हे काही करून दाखवत नव्हती. बाजारात टोमॅटो निवडावेत तशी ती निवडत होती. हात कुठेही अडखळत नव्हते. तिच्या आजीने तिला हे करून दाखवलेलं असणार, आणि त्या आजीला तिच्या आजीने. दुसऱ्या बाईचे दात पाहिले, तेव्हा ती बाई खरंच रडू लागली. गायकवृंदातली धट्टीकट्टी बाई ती, आजीच्या दुप्पट वजनाची, पण तिला हनुवटी सोडवून घेता येईना.

"हीसुद्धा जहाजावर."

बोटवे नाकातून बोलायचं विसरला. "आजी, पुरे," तो आपल्या आवाजात म्हणाला.

मग मान्सा. आजीने तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"नाव काय तुझं?"

"आजी, हे पाठांतरात नाहीये," मान्सा कुजबुजली. चर्चमध्ये इतकी शांतता होती की ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

"जे असेल ते विसर. त्या नावाने तुला आता कुणी हाक मारणार नाही." आजीने आपल्या डोक्याचं फडकं सोडलं. तिचे पांढरे केस गावाने कधी पाहिले नव्हते. ते फडकं तिने मान्साच्या डोक्याला बांधलं. "ही जहाजावर जायची नाही. वय लहान आहे, हात कामाचे आहेत. हिला मी घरात ठेवते. माझ्या मुलांबरोबर जेवेल, हिची मुलं माझी म्हणवतील, आणि ही कुठून आली हे कुणी बोलायचं नाही. हिचं नाव एफुवा न्यार्कोवा."

पहिल्या रांगेतल्या बायकांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मयताला ठेवतात तसे. ओटूमामाने डोळे मिटून घेतले. पडद्यामागे एगानसाहेबांची तलवार खाली आली. त्यांना दारावरची पाटी दिसली, मुलगी दिसली, आई दिसली. गुलाम म्हणून घरात ठेवलेल्या बाईचा वंश घरचाच धरतात. जमीन, जेवण, मयताचा मान, कशातच भेद नाही. फक्त कुळाचं प्रमुखपण त्या वंशाकडे जात नाही. आजी आजवर दात का कोरत होती ते त्यांना एका क्षणात कळलं.

"साहेब, तुमची एंट्री," पाद्रीबाई मागून म्हणाल्या. त्या नदीपलीकडच्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. नट वाक्य विसरला असेल असं वाटून त्यांनी त्याला प्रेमाने पुढे ढकललं.

एगानसाहेब तलवारीसकट रंगमंचाच्या मध्यावर आले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. तोंड उघडलं, आणि त्यात जे एकच वाक्य महिनाभर घोटून बसलं होतं ते बाहेर पडलं.

"थांबा. मी एफुवा न्यार्कोवाचा वंशज आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. नंतर पडदा पाडला, तो कुणी पाडला हेही कुणाला आठवलं नाही.

लोक पांगल्यावर साहेब आजीपाशी गेले. ती खुर्चीत बसून मासा खात होती. डोकं अजून उघडंच होतं.

"आजी, हे खरं आहे?"

"काय?"

"तुम्ही तिथे जे बोललात ते."

"मी नाटकात काम केलं. नाटकात कुणी कुणाला काही सांगत नसतं. आणि आता तू विचारलंस आणि मी सांगितलं, तर दोघांना मेंढी पडेल. तुझ्याकडे मेंढी आहे का? माझ्याकडे नाही."

"मला आधी एकट्याला सांगितलं असतंत तर?"

"नव्वद वर्षं गप्प बसले, आणखीही बसले असते. शनिवारी नुसतं नाही म्हणाले असते. पण तू वेदीसमोर उभा राहून म्हणालास की या घराण्याने माणूस विकला नाही." तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "विकणारी माझ्या रक्ताची होती, आतो. ते मी अख्ख्या गावासमोर केलं. दोघी जहाजावर धाडल्या. बघ, त्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. सगळे बघत होते तुझ्याकडे."

हे खरं होतं. स्वतः साहेबांच्याही मनात त्या दोघी आतापर्यंत आल्या नव्हत्या. त्यांच्या नाटकात त्या सुटून घरी जायच्या.

"त्या एफुवाच्या कोण होत्या?" त्यांनी हळूच विचारलं. "बहिणी?"

आजीने आणखी एक काटा काढला.

"त्यांची नावं ध्यानात ठेवायचं कुणाला सुचलं नाही," ती म्हणाली. "जहाजावर जाणाऱ्याला कशाला नाव."

हातातली तलवार पुठ्ठ्याची आहे हे साहेबांना आत्ता जाणवलं. घामाने ती मुठीपाशी मऊ पडली होती. त्यांना वाटलं आजीने रागवावं, किंवा आपण तरी रागवावं. दोघांपैकी कुणीच रागावलं नाही. तिने अर्धा मासा त्यांच्यापुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

बाहेर वडील मंडळी घोळक्याने उभी होती. सगळ्यांनी चपला, आभाळ, समुद्र, जे दिसेल ते बघितलं. ओटूमामा पुढे आला. त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला, आणि जे कुणालाच कधी बोलता येणार नव्हतं ते अतिशय मायेने टाळून म्हणाला,

"आतो, शनिवारच्या बैठकीला जरा लवकर येशील का? खुर्च्या मांडायला कुणीतरी लागेल."