वासरू नसलेल्या गायीची वसुबारस

मी एक पाच वर्षांची म्हातारी गाय आहे. हसू नका, मित्रांनो. गाय वीस वर्षं जगू शकते म्हणतात; पण कॅलिफोर्नियातल्या आमच्या डेअरीवर पाचव्या वर्षीच माणसं आपल्याकडे बघून मान हलवू लागतात.

माझा जन्म मात्र मोठ्या थाटाचा. आई विस्कॉन्सिनची, दुधाची राणी. बाप कुणी पाहिलाच नाही. त्याचं बीज नळीतून आलं. मी मोहरीएवढीही नव्हते, तेव्हा मला आईच्या पोटातून काढून एका साध्या तांबड्या गायीच्या पोटात ठेवलं. राणीची लेक म्हणून लोक मला बघायला येत. मालक सिल्व्हेरासाहेब पाठीवर थाप मारून म्हणत, "ही माझी कॅडिलॅक!"

बदामाची टरफलं आणि सरकी खाऊन मी खूप दूध दिलं. तीन वासरं झाली. तिन्ही अंगावरची ओल सुकायच्या आत उचलून नेली. त्यानंतर मी गाभण राहीनाच. गाभण नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर जागा नाही.

त्याच सुमारास, शहाऐंशी साली, पद्मजा आली. नागपूरची मुलगी, इथल्या विद्यापीठात शिकणारी. माझ्यासारख्या, दुसरीच्या पोटात वाढवलेल्या गायी गोठ्यात किती टिकतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून ती मला तपासायची आणि मराठीत म्हणायची, "बाई गं, या वेळी तरी राहा."

शेवटच्या खेपेला तिनं हात बाहेर काढला आणि माझ्या कुशीला डोकं टेकवून नुसती उभी राहिली.

"रिकामी," ती मालकांना म्हणाली.

"मग सोमवारच्या ट्रकमध्ये," ते म्हणाले.

आदल्या दिवशी वसुबारस होती. खरी तिथी आठवड्यात होऊन गेलेली. पण इथे सण रविवारीच येतात. सनीव्हेलहून पद्मजाच्या ओळखीच्या शरयूकाकू आणि लतिका गाय पुजायला आल्या. अंगावर रेशमी साड्या, पायात स्नीकर्स, ताटात गवारीऐवजी फ्रोजन बीन्स. पद्मजानं त्यांना थेट माझ्यासमोर उभं केलं.

"अगं, पण हिचं वासरू?" काकू म्हणाल्या. "आज वासरासकट पुजायची असते."

"इथे कुठल्याच गायीजवळ वासरू नसतं, काकू."

"मग तिचं दूध पितं कोण?"

"आपण."

"घ्या!" लतिका हसली. "आणि आज काकूंना दूध वर्ज्य!"

पद्मजानं कुणाचं तरी वासरू आणलं. कुणाचं का असेना, मी त्याला शेपटीपासून कानापर्यंत चाटलं. काकूंचे डोळे भरले. त्यांनी मला कुंकू लावलं, ओवाळलं, म्हणाल्या, "सुखी राहा गं बाई."

"उद्या ती कत्तलखान्यात जाणार आहे," पद्मजा म्हणाली.

काकूंनी ताट खाली ठेवलं. "पुजलेली गाय? अगं, तू सांग ना त्यांना!"

"मला नाही सांगता येत. मीच वाचवली, तर ती आपोआप किती टिकली असती हे मोजायचं कसं? तुम्ही सांगा."

काकूंनी सिल्व्हेरासाहेबांना चक्क हात जोडले. साहेबांनी टोपी काढली. "मॅडम, तुम्हीच घेऊन जा. फुकट देतो. खरंच."

काकू खुलल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण आमचं अपार्टमेंट आहे. दुसरा मजला."

"बाल्कनीत बांधू!" लतिका म्हणाली.

सगळे हसले, साहेबसुद्धा. हसून झाल्यावर लतिकानं घड्याळ पाहिलं.

"निघूया का, काकू? ट्रॅफिक लागेल."

काकूंनी मला नमस्कार केला. थोडं पुढे जाऊन पुन्हा वळल्या, पुन्हा केला. वासरू पद्मजानं परत नेलं.

मित्रांनो, हे मी ट्रकमधून सांगते आहे. माझा कुणावर राग नाही, असं शेवटी म्हणायची पद्धत असते. माझा आहे, थोडा. माणसं वाईट असती, तर मी निमूट चढले असते. पण ती चांगली होती, म्हणून मला वाटलं, आता कुणीतरी थांबेल.

तुम्हीही चांगलीच मुलं असाल. म्हणून एवढंच मागते. मुक्या जिवाच्या कपाळाला हात लावण्याआधी त्याला ठेवायला जागा आहे का, ते बघा. नसेल, तर लांबूनच जा. त्याला आशा लावून जाऊ नका.