उलट्या दाराची फियाट

गोरखनं गाडी खोलायला घेतली तेव्हा एक गोष्ट तो छातीठोकपणे सांगत होता, की ही गाडी आपल्याला पाठ आहे. माणसाचं घोडं पेंड खातं ते नेमकं पाठ असलेल्या ठिकाणीच.

गाडी रोह्याच्या एलियाह रोहेकरांची. चाळीस वर्षं रोह्यात त्यांचं गॅरेज होतं आणि अख्खा तालुका त्यांना उस्ताद म्हणायचा. गोरख पंधराव्या वर्षी कासूहून त्यांच्याकडे कामाला आला आणि अकरा वर्षं शिव्या खाऊन मिस्त्री झाला. ही फियाट उस्तादांनी त्याच्या येण्याआधीच बनवलेली होती. बनवलेलीच म्हणायची, कारण कंपनीनं तशी गाडी कधी काढली नव्हती. पुढचा डावा दरवाजा जुन्या डुक्कर फियाटचा, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला, उघडायचा तो उलटा. डावीकडचं सीट वीतभर मागं सरकवलेलं. बॉनेट तिसऱ्याच गाडीचं. असं का, हे गोरखनं कधी विचारलं नाही. उस्तादांना ‘का’ विचारलं की हातातला पाना अंगावर यायचा. म्हाताऱ्याची हौस, असं समजून तो गप्प बसला होता.

आता उस्ताद चौऱ्याऐंशीचे झाले होते आणि त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग गोरख गेला, मग इस्रायलला असलेले मुलगे गेले. बायकोला, मिरियमकाकींना, ते कधी ओळखायचे, कधी नाही. पण रोज दुपारी अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचं, स्टिअरिंगवर हात ठेवून तासभर समोर बघायचं आणि खुशीत चहाला घरात यायचं, एवढं शाबूत होतं. श्रावणात एके दिवशी ते गाडीपर्यंत गेले, तिच्या गंजलेल्या पत्र्याकडे बघत उभे राहिले आणि तसेच परत आले. म्हणाले, “ही आपली नाय. आपली चकचकीत होती.”

गोरखनं एव्हाना पेणला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं; त्याच संध्याकाळी काकींनी त्याला फोन केला. “रंगव रे बाबा तिला. होती तशी कर. एवढी एक तरी त्यांना ओळखू आली पायजे.”

“होती तशीच करून देतो, काकी,” गोरख म्हणाला. बोलून मोकळा झाला.

रंगाला धूळ चालत नाही आणि गोरखचं गॅरेज तर रस्त्याला लागून. मग त्यानं हैबतरावांचा गणपतीचा कारखाना दिवाळीपर्यंत मागून घेतला आणि गाडी टेम्पोवर घालून तिथं आणली. बाप्पा आपापल्या घरी गेले की पेणमधले कारखाने थोडे दिवस ओस पडतात. कारखान्यासोबत ठमीही मिळाली. ठमी नदीकाठच्या वाडीवरची, वीस वर्षं मूर्ती घासण्याचं काम करत आलेली. तिनं पॉलिश पेपर फिरवलेल्या पत्र्यावर बोट ठेवलं तर ते घसरून पडावं, असा तिचा हात. पत्र्यावर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घासायला अशी बाई मिळाली म्हणून गोरख खूश होता.

खोलण्याची रीत त्यानं उस्तादांचीच धरली. चिठ्ठ्या नाहीत, डबे नाहीत. जो भाग सुटेल त्याचे बोल्ट, वॉशर, पट्ट्या गाडीभोवती जमिनीवर, ज्या जागेवरून निघाले त्या जागेसमोर, निघाले त्या क्रमानं मांडायचे. “जमीन हीच आपली वही,” असं उस्ताद म्हणायचे. बायकोनं, दर्शनानं, फोटो काढायला बजावलं होतं आणि गोरखनं तीन काढलेही होते. पण तिन्ही समोरून, आणि तिन्हींत गाडीपेक्षा तोच जास्त दिसत होता.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडीचा नुसता सांगाडा उरला. दारं, काचा, सीटं, बंपर, सगळं जमिनीवर. शनिवारी गोरख आला नाही. उस्ताद शब्बाथ पाळायचे, शनिवारी पान्याला हात लावायचे नाहीत. गोरख काही यहुदी नव्हता, पण अकरा वर्षांची सवय अंगात मुरली होती. त्याचं स्वतःचं गॅरेजही शनिवारी बंद असायचं आणि गिऱ्हाइकाला त्यात काही नवल वाटत नसे. ठमीला मात्र हे सांगायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी तो दारात आला आणि थबकला. जमीन स्वच्छ झाडलेली होती. भिंतीशी मूर्ती ठेवायच्या फळ्यांवर सगळे बोल्ट ओळीनं उभे होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. वॉशर वेगळे, पट्ट्या वेगळ्या, रबरं गुंडाळून खिळ्याला टांगलेली. एकाही बोल्टाला गंज नव्हता. पॉलिश पेपरनं घासून ते चांदीसारखे केले होते.

“काल दिवसभर लागला,” ठमी म्हणाली. तिला शाबासकी हवी होती आणि ती तिच्या हक्काचीच होती. या कारखान्यात सहा इंची मूर्ती सहा इंचीत आणि फूटभराची फुटात लागते. वीस वर्षं तिनं हेच केलं होतं.

“ठमे, हे कुठलं कुठून निघालं होतं गो?” गोरखनं विचारलं.

“ता मला काय ठावं? पसारा पडलेला, मी लावून ठेवला. मी काय वायट केला?”

तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं कोणाचं, हेही गोरखला कळेना. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, असं मनाशी म्हणत तो फळीसमोर बसला. दुसऱ्या कुठल्या फियाटचे बोल्ट असते तर त्यानं डोळे मिटून लावले असते. पण हे उस्तादांनी स्वतः आटे पाडलेले. काही बोटाएवढे, काही चांगले वीतभर. शिवाय लाकडाचे अकरा तुकडे निघाले होते, ते कशाखाली होते देव जाणे.

तरी बोल्टांचं पुढं बघता आलं असतं. खरी अडचण भोकांची होती. गाडीच्या तळाला आणि डाव्या खांबाला भोकंच भोकं. काही कंपनीची, काही उस्तादांची, काही गंजानं स्वतः पाडून घेतलेली. रंगाआधी नको असलेली भोकं बुजवावी लागतात. चुकीचं बुजवलं आणि त्यावर रंग चढला की संपलं. सीट दुसरीकडे बसणार, दरवाजा दुसरीकडे लागणार आणि रोह्याच्या अंगणात उस्ताद पुन्हा म्हणणार, ही आपली नाय.

तीन दिवस तो खडू घेऊन सांगाड्यात वाकला. उजवीकडे मापं घ्यायची, तशीच डावीकडे घ्यायची, बोल्ट निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सीट मागंपुढं असलं तरी खालची जोडणी दोन्ही बाजूंना सारखीच असणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण लांब बोल्ट उजवीकडे घातले तर अर्धे अर्धे बाहेर यायचे आणि डावीकडे कमी पडायचे. डोक्याचा पार भुगा झाला. चौथ्या दिवशी त्यानं लाज गुंडाळून काकींना फोन लावला.

“मला काय कळतंय बोल्टातलं?” काकी म्हणाल्या. “मी त्यांनाच घेऊन येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं दोघं पेणला उतरली. गोरखनं त्यांना रिक्षातून कारखान्यात आणलं. उस्तादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सांगाड्याकडे त्यांनी निरखून बघितलं. आता ओळखतील, असं गोरखला वाटलं.

“कोणाची गाडी, मिस्त्री?” उस्तादांनी विचारलं.

अकरा वर्षं ज्यांनी ‘गोरख्या’ म्हणून हाक मारली ते आज त्याला ‘मिस्त्री’ म्हणाले. गोरखला रडू यायचं बाकी राहिलं. “आहे एका गिऱ्हाइकाची,” तो म्हणाला. खोटं का बोललो, हे त्याचं त्यालाच समजलं नाही.

उस्ताद वाकले. हात मात्र अजून तरबेज होता, पत्र्यावरून फिरत बरोबर भोकांवर थांबत होता. “कंपनीची भोकं ही. मग ही मागं वीतभर कुठल्या गाढवानं पाडली? आणि खांबाला बिजागरी? दरवाजा उलटा लावला का काय? काम बिघडवलंय सगळं. बुजव ही. सरळ कर गाडी.”

गोरख खडू धरून उभा राहिला. उस्तादांचं ऐकावं तर उस्तादांचंच काम बुजवायचं. न ऐकावं तर उस्तादांचा शब्द मोडायचा. त्यानं काकींकडे बघितलं.

काकी हैबतरावांच्या पाटावर बसल्या होत्या. “अहो, गाढव नव्हता तो,” त्या हळू म्हणाल्या. “त्याची बायको आजारी होती. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. पाय दुमडायचा नाय. टॅक्सीवाले घेत नव्हते. दर महिन्याला मुंबईला दाखवायला न्यायची होती.”

गोरखनं आयुष्यात पहिल्यांदा त्या दरवाजाचं कारण ऐकलं. बोल्ट कुठले, एवढंच तो इतके दिवस विचारत आला होता. उलटा दरवाजा म्हणजे बाईला पाठ टेकून आडवं आत सरकता येईल. मागं गेलेलं सीट म्हणजे पायाला जागा. लाकडाचे तुकडे सीट उचलायला. लांब बोल्ट त्या लाकडांतून जाणारे, सगळेच्या सगळे डाव्या बाजूचे. उजवीकडे त्यांतला एकही कधी नव्हताच.

उस्ताद पुन्हा वाकले. मग त्यांनी सीटच्या भोकांपासून पुढच्या पत्र्यापर्यंत वितीनं माप घेतलं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं.

“राहतो,” ते म्हणाले. “सरळ पाय राहतो इथं. बुजवू नको, मिस्त्री. बरोबर केलंय त्यानं.”

गोरख खाली बसला आणि एकेका भोकाभोवती खडूचं गोल काढू लागला. ठमीनं न सांगता लांब बोल्टांची फळी उचलून त्याच्या डाव्या हाताशी आणून ठेवली.

“पोचायची का ती बाई?” उस्तादांनी विचारलं.

“दर वेळी पोचायची,” काकी म्हणाल्या. “आता चालते. मघाशी स्टेशनचा जिना उतरली.”

उस्तादांनी समाधानानं मान हलवली. मग सांगाड्यावर थाप मारत ते म्हणाले, “तो माणूस भेटला तर त्याला सांगा, काम चांगलं केलंय.”

“सांगते,” काकी म्हणाल्या.