काठावरचा तारा

"सापडना का तारा? सापडना त आज च्या तुमनाकडथीन, कौतिकभाऊ," शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून झिपरूनं तारा सापडल्याच्या चहासाठी हाक दिली.

कौतिकनाना आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या मोटारीतली तांब्याची तार उपसत होते. त्यांनी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या लेकीकडे पाहिलं. हर्षाली सुट्टीवर धुळ्याला आली होती. घरची वीज गेली की दुकानातल्या इन्व्हर्टरवर तिचं संशोधन चालायचं. शिल्पकार नावाची एक लहानशी दीर्घिका आपल्या आकाशगंगेभोवती फिरते. तिच्या गाभ्यापासून फार दूर, पार काठावर, हर्षालीला एक मंद तारा दिसला होता. तो त्या दीर्घिकेचा, की मध्येच आडवा आलेला आपल्या आकाशगंगेचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तिथला निघाला, तर शिल्पकाराचा पसारा वाटला होता त्याहून कितीतरी मोठा.

नानांना ते लगेच कळलं. एकवीरेच्या यात्रेत मागे पडलेला माणूस कितीही लांब असला तरी घरच्यांच्याच दिशेनं, त्यांच्याच वेगानं चालतो, तसंच ना, असं त्यांनी विचारलं. हर्षाली हसून हो म्हणाली. ताऱ्याची आडवी चाल दीर्घिकेशी जुळली होती. आपल्याकडे येण्याजाण्याचा वेग वर्णपटावरून कळणार होता, आणि तो चिलीतल्या दुर्बिणीनं नुकताच टिपला होता. निकाल आता कधीही येणार होता. नानांनी मात्र मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लेकीचा तारा सांगून टाकला होता.

"नाना, अजून नक्की नाही. असे कितीतरी फसवे निघतात."

"तुनं नक्की व्हई तवय व्हई. मन्हं त व्हई गयं," म्हणत त्यांनी चहा मागवला, झिपरूसकट सगळ्यांना.

दुसऱ्या सकाळी शटर वर करताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. झिपरूनं रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक दारावर बसायला येऊ लागले. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलावेत आणि उठावं, अशी रीत. पण जो तो आवाज खाली करून ताऱ्याचंच विचारी. कूलरची मोटार नेहमी नानांकडेच आणणाऱ्या जमीलाआपा तर उठायलाच तयार नव्हत्या. "बेटी, काय झालं त्याचं? भाऊ म्हणत होते, आज-उद्या कळेल."

मेल सकाळीच आला होता. तो एकटीनं उघडायची हर्षालीला इच्छा झाली नव्हती. आता तिनं उघडला. वेग जुळत होता. लोहाचं प्रमाणही तिथल्या जुन्या ताऱ्यांसारखंच, अगदी थोडं. तिनं पुन्हा वाचलं आणि ती सतरंजीवर उठून उभीच राहिली.

"जुळला," ती म्हणाली. "तिथलाच आहे तो."

झिपरूनं आनंदानं मांडीवर थाप मारली आणि ओशाळून हात मागे घेतला. बायकांमध्ये कुजबुज पसरली. कुणी डोळे पुसत हसलं. हर्षालीची नजर त्या सगळ्या चेहऱ्यांवरून फिरली आणि दारापाशी पडलेल्या नानांच्या चपलांवर थांबली.

"नाना," ती सगळ्यांसमोर, स्पष्ट म्हणाली, "का शोधतेस असं कुणी विचारलं, की मी विज्ञानाचं काहीतरी सांगायचे. तुम्हाला येऊन सांगता यावं, म्हणून शोधत होते."