आइस्क्रीम पिणारं घर

"सर, आइस्क्रीम खातात की पितात?"

हा प्रश्न जयंतीच्या डोक्यातला नव्हताच. "शास्त्राच्या वर्देसरांना विचारून दाखव, तर तू खरी!" अशी पैज सुगंधाने लावली होती. परवा जयंतीच्या वाढदिवसाला सगळ्या मैत्रिणींनी तिच्याकडचं आइस्क्रीम बशीत ओतून फुर्रफुर्र प्यायलं होतं ना! बोरिवलीतल्या त्या घरात ते दरवर्षी असंच पितात.

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सर मात्र गंभीर. "पॉटमध्ये दुधाच्या डब्याभोवती बर्फ भरता, त्यात मीठ किती घालता?"

"मीठ? आप्पा मिठाची बरणी जवळसुद्धा फिरकू देत नाहीत, सर. बर्फ वितळेल ना!"

"अगं, वितळायलाच हवा! वितळायला त्याला उष्णता लागते. मीठ पडलं की त्याला वितळायची घाई होते, आणि उष्णता तो ओढून घेतो शेजारच्या दुधाकडून. दूध बिचारं गारठून घट्ट!"

जयंती खाली बसायचंच विसरली.

सोमवारी शाळेत विषय निवडून सांगायचा होता, शास्त्र की गृहशास्त्र. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, गृहशास्त्र ठरवूनही टाकलं होतं. घरी जाऊन तिने दप्तरही न ठेवता जाहीर केलं, "रविवारी आइस्क्रीम मी करणार. गोठलं तर मी शास्त्र घेणार!"

"आणि पातळ राहिलं तर मुकाट्याने गृहशास्त्र," आप्पा खुशीत म्हणाले. इतक्या वर्षांचा अनुभव होता त्यांच्या पाठीशी.

रविवारी त्यांनी मालाडहून सायकलवर बर्फ आणला, तोही भुशात आणि गोणपाटात तान्ह्या बाळासारखा गुंडाळून. जयंतीने त्यावर ओंजळी भरभरून जाडं मीठ ओतलं.

"कार्टे! वाट लावलीस बर्फाची!"

पॉटच्या भोकातून पाणी वाहू लागलं. आप्पा सुतकी चेहऱ्याने हँडल फिरवत बसले. जयंती सारखी झाकण उघडून डोकावत होती. दूध आपलं दूधच. गेलं शास्त्र!

आणि हँडल अडलं. आप्पांनी दातओठ खाऊन जोर लावला, तर सबंध पॉटच त्यांना घेऊन गर्रकन फिरला.

आईने झाकण काढून चमचा खुपसला. चमचा उभाच्या उभा राहिला.

"अगंबाई! लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा!"

आप्पांनी मोठ्ठा घास घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "खारट! लोणचं आहे नुसतं! शंभरदा झाकण उघडलंस, गेलं मिठाचं पाणी आत. म्हणून म्हणतो, गृहशास्त्र घे!"

जयंतीनेही एक चमचा खाल्ला. खरंच खारट होतं. पण दाताखाली कसं करकरलं! ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अट गोठण्याची होती आप्पा, चवीची नव्हती. आई, तूही ऐक. मी शास्त्रच घेणार, उद्याच शाळेत सांगते. आणि पुढच्या रविवारी परत पॉट लावायचा. झाकणावर मात्र आप्पा, तुम्ही बसायचं!"