एक थेंबबी नाही

धान कापणं ऐन रंगात आलं होतं अन् नरहर विळा टाकून बांधावर बसला. त्याच्या बायकोचं, कलावतीचं, डोकं सणकलं.

"सकाळपासून कितीकदा बसले? वावर का आपोआप कापल्या जाते?"

"उजव्या कुशीत दगड ठेवल्यावानी लागते वं. जरासा दम घेतो."

"काल भारे उचलले ना, लचकलं असंन."

नरहर मूळचा वर्ध्याकडचा. रेल्वेत खलाशी, अंगमेहनतीच्या कामावर होता. रिटायर झाला अन् रायपूरच्या भायेर, अभनपूरच्या वाटेवर, आमच्या गावात त्यानं दोन एकर वावर घेतलं. शुगर त्याला नोकरीत असतानाच लागली होती. पण कलावती त्या शुगरच्या हात धुऊन मागं लागलेली. साऱ्या गावात दोन्ही वेळा भात शिजते, अन् ही बाई ज्वारीच्या भाकरी थापायची. रोज सांजेला त्याचे पाय धुऊन बोटाबोटात पाहायची, कुठं चीर पडली का म्हणून. दरसाल डोळे तपासून आणायची.

अन् यंदा तर शुगर आपसूकच उतरली. नरहर वाळला, पोट आत गेलं. गावात बाया म्हणत, शिकावं तर कलावतीकडून. तिनं मोठ्या हौसेनं त्याच्या पँटींना आतून शिवण घातली.

त्या दिवशी मात्र तो बांधावरून उठला अन् तिथंच पेंढ्यांवर कोसळला. अंगाला दरदरून घाम. आम्ही धावलो, गूळ चारला, तेव्हा डोळे उघडले. गावच्या डॉक्टरनं सुई टोचून पाहिलं. "शुगर लई खाली गेली. गोळी अर्धी करा. हे तर चांगलंच आहे," म्हणाला.

दिवाळी झाली अन् नरहरचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. रायपुरात नोकरीला असलेली पोरगी, यामिनी, धावत आली. तिनं दोघांना समता कॉलनीतल्या एका डॉक्टरीणबाईकडं नेलं. पोटाचा फोटो काढला, रक्त तपासलं.

"दारू किती वर्षांपासून?" बाईंनी विचारलं.

"दारू?" कलावती ताठ झाली. "एक थेंबबी नाही, मॅडम. सोताच्या लग्नाच्या वरातीतबी नाही."

बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, शुगर असली की लिव्हरवर चरबी बसते. बऱ्याच जणांचं तेवढ्यावरच राहते. काहींचं लिव्हर मात्र आतल्या आत कडक होत जाते, दुखत नाही, कळत नाही. त्यातल्या एखाद्याला मग अशी गाठ होते. कॅन्सरची.

"चरबी तर मांगंच निंगाली होती," कलावती म्हणाली. "मुतखड्याची सोनोग्राफी केली तवा. सगळ्यायलेच असते म्हने, फिरत जा म्हने. आमी फिरलो ना. पाय पायले, डोये पायले. पोट पाहा म्हनून कोनी सांगतलंच नाही. माहं काय चुकलं, मॅडम?"

"तुमचं काही चुकलं नाही, काकू."

चुकलं असतं तर कलावतीला धरायला काहीतरी झालं असतं.

"मॅडम, ऑपरेशन?" यामिनीनं विचारलं.

बाईंनी मान हलवली. गाठ पसरली होती अन् उरलेलं लिव्हरही निबर झालं होतं. गोळ्यांनी थोडे दिवस लांबतील, एवढंच.

गावाला लिव्हर म्हटलं की एकच माहीत. पारावर कुजबूज सुरू झाली, रेल्वेतला माणूस, पेत असंन लपूनछपून. कलावतीच्या कानावर आलं तशी ती नळावरून भरली घागर घेऊन भांडायला निघाली. नरहरनं दारातूनच थांबवलं.

"काहून भांडतं? म्हनू दे पेत होतो म्हनून. न पेनाऱ्यालेबी होते म्हटलं त लोकायले भेव वाटते."

कलावती घागर उतरवून ओट्यावर बसली.

दोन दिवसांनी यशवंतराव आले, नरहरचे रेल्वेतले सोबती, शेजारच्याच गावातले. यांनाही शुगर, नरहरपेक्षा जुनी. नरहरजवळ बसले, इकडचं तिकडचं बोलले. मग चहा घ्यायच्या निमित्तानं चुलीपाशी आले अन् हळूच म्हणाले,

"वहिनी, एक विचारू? खरं सांगा. आमाले कोनाले न कळता, थोडीशी... घेत होता ना नरहर?"

कलावतीनं वर पाहिलं. माणूस चुगलीला आला नव्हता. 'हव, घेत होते' म्हटलं असतं तर यशवंतराव सुखानं घरी जाऊन झोपले असते.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "एक थेंबबी नाही. तुमी पोट दाखवून घ्या. चरबी निंगाली अन् सगळ्यायलेच असते म्हनलं त ऐकू नोका. लिव्हर कडक झालं का, ते तपासा म्हना. यामिनी संगं येईन."

यशवंतराव "हव, हव" म्हणाले. चहा तसाच ठेवला, चपला घातल्या अन् निघाले.

"गेला का?" आतून नरहरनं विचारलं.

"गेले."

"जाईन का वं तो दाखवाले?"

कलावतीनं दारातून पाहिलं. फाट्यावर रायपूरची बस उभी होती. यशवंतराव तिच्यापाशी थांबले, अन् मग खालमानेनं घराच्या वाटेला लागले.

"जातीन," ती म्हणाली, अन् खळ्यावरचं धान वर-खाली करायला गेली.