बोटात रुतलेली अंगठी

दागिन्यांच्या त्या मोठ्या दुकानात शिरलं की एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला प्लॅटिनम, आणि अगदी मागे जिन्याखालच्या कोपऱ्यात साबणबाई. हे नाव तिला दुकानातल्या मुलींनी पाडलं होतं. जुन्या गिऱ्हाइकांचे वापरातले दागिने फुकट धुऊन द्यायचे ही दुकानाची पद्धत, आणि ते काम एकोणीस वर्षं तिच्याकडे. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश आणि डोळ्याला भिंग.

भिंगातून तिला जे दिसायचं ते गिऱ्हाइकांना दिसत नसे, हे गिऱ्हाइकांचं नशीब. वरून लखलखणाऱ्या अंगठीच्या पोटात पीठ, पावडर, मेलेली कातडी, केसांचे तुकडे यांचा मिळून एक करडा लगदा साचलेला असतो. सुरुवातीचे सहा महिने तिला दुपारचा डबा उघडवत नव्हता. मग सवय झाली. मळ सगळ्यांनाच येतो, धुतला की जातो, असं ती नव्या मुलींना सांगायची. गिऱ्हाइकांनाही चार गोष्टी ऐकवायची: अत्तर आधी मारा, दागिना शेवटी घाला, भांडी घासताना अंगठी काढून ठेवा, सोनं नि प्लॅटिनम एका डबीत कोंबू नका, घासाघाशीत ओरखडे पडतात. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करायचे.

एका सकाळी दोन जावा प्लॅटिनमच्या अंगठ्या बघायला आल्या. दोघींना एकसारख्या हव्या होत्या. जुनं सोनं देऊन नवं घ्यायचं ठरलं होतं. बांगड्या आणल्या होत्या, साखळी आणली होती, पण एक जाडजूड अंगठी अजून घरीच होती.

"सासूबाईंच्या बोटात अडकलीय," थोरली मालकांना म्हणाली. "त्यांना आता दागिन्यांचं काय करायचंय? बोट जरा सुजलंय, एवढंच. तुमच्या बाई दोऱ्याने काढतात म्हणे. पाठवा ना त्यांना घरी."

मालक तळवे चोळत हसले. "पाठवतो की! घरचंच दुकान समजा."

साबणबाईने दोरा, साबण, आणि नडलंच तर असावी म्हणून अंगठी कापायची छोटी करवत पिशवीत टाकली. दुपारी ती त्यांच्या घरी पोचली. घर कसं, आरशासारखं. फरशीवर पाऊल टाकायला संकोच वाटावा. बैठकीच्या खोलीत ताजी फुलं, खिडक्यांना पांढरे पडदे. थोरलीने तिला स्वयंपाकघरामागच्या एका बंद दारापाशी नेलं, स्वतः पदर नाकाला लावला आणि दार ढकललं.

आतला वास सरळ घशात उतरला. ओल्या कपड्यांचा, लघवीचा, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी गोडसर, नासलेलं. कॉटवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांची जट झालेली, नखं वाढून वळलेली. उशाशी पाण्याचा पेला होता, त्यात माशी.

"आजी," साबणबाई वाकून म्हणाली, "हात बघू जरा."

म्हातारीने मूठ घट्ट आवळली. छातीशी धरली.

"अशाच करतात बघा," धाकटी दारातून म्हणाली. "जीव अडकलाय त्या सोन्यात."

साबणबाई कॉटच्या कडेला बसली. घाई केली नाही. मनगटावर नुसता हात ठेवून राहिली. थोड्या वेळाने मूठ आपोआप सैल झाली आणि तिला ते बोट दिसलं. अंगठी अशी दिसतच नव्हती. दोन्हीकडून मांस चढून तिच्यावर मिटलं होतं आणि फटीतून पिवळं पाणी झिरपत होतं. पुढचं पेर काळंनिळं. पेराच्या सांध्यावर दोन बाजूंना दातेरी खुणा होत्या.

"हे कशाचं?" तिने विचारलं.

जावांनी एकमेकींकडे पाहिलं. "यांनी पक्कड लावून बघितली होती," थोरली म्हणाली. "म्हणजे अगदी हळू हं. त्याच ओरडल्या उगाच."

साबणबाईने पिशवी उघडली. तिने करवत काढली.

"अहो, कापताय कशाला?" थोरली पुढे सरसावली. "अखंड काढा. दोऱ्याने काढा ना!"

"दोरा लावला तर कातडं सोलून येईल ताई. आणि हे माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे. आत्ताच्या आत्ता बोलवा."

"आधी अंगठी निघू दे. मग बघू डॉक्टरचं."

तेवढ्यात मुलगा, म्हणजे थोरलीचा नवरा, दारात डोकावला. नाकावर रुमाल. "निघाली का? कापल्यावर सोन्याच्या वजनात घट किती येईल?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता गेला.

निघून जावं असं साबणबाईला फार वाटलं. पण ही गेली तर पुन्हा पक्कड येणार, हेही दिसत होतं. तिने हात धुतले, अंगठीखाली पातळ पट्टी मिलिमीटर मिलिमीटरने सरकवली आणि करवतीची चकती फिरवायला लागली. म्हातारीने ओठ दाबून धरले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून आवाज नाही. दारात दोघी जावांची नव्या अंगठीवर बारीक नक्षी घ्यावी की साधीच बरी, यावर चर्चा चालली होती.

अंगठी दोन ठिकाणी कापून तिने कडा उचकटल्या. वासाचा भपकारा आला. अंगठीला चिकटून मांसाचा एक पदरही आला. साबणबाईने तुकडे वाटीत टाकले आणि बोटावर स्वच्छ फडकं धरलं.

थोरली लगबगीने पुढे आली. वाटीतले तुकडे तिने कागदी रुमालात उचलले, पर्समधून अत्तराची बाटली काढून त्यांवर दोनदा फवारा मारला, पुडी बांधली आणि पर्सची चेन लावली. बोटाकडे तिने बघितलंही नाही.

तेव्हा मात्र साबणबाई उठली, मोरीत गेली आणि ओकली.

परत येऊन तिने घरच्या कुणालाही न विचारता दुकानाजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या तिच्या ओळखीच्या. "लगेच या," एवढंच म्हणाली. त्या येईपर्यंत तिने कोमट पाणी घेतलं आणि म्हातारीचा दुसरा हात धुतला, नखं कापली.

"गेली का ती?" म्हातारीने विचारलं. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ.

"अंगठी? गेली, आजी."

"सुटले ग बाई." म्हातारीने डोळे मिटले. "मी कधीचं म्हणतेय, काढा आणि तुम्हीच घ्या. पण डॉक्टरकडे नेऊन काढा. तर म्हणे, लोकांना कळेल. त्यात पक्कड आणली. मग मी मूठ वळली." फडक्यातलं बोट उचलून म्हणाली, "जीव अडकलाय म्हणतात. माझा जीव या बोटात ठणकत होता, बये."

डॉक्टरीणबाई आल्या, बोट बघितलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात गाडी मागवली. मुलगा "अहो, एवढं काय," म्हणाला, तर त्यांनी त्याला चांगलंच झापलं. दवाखान्यात वरची दोन पेरं कापावी लागली. हात वाचला.

पाच दिवसांनी थोरली दुकानात हजर. नटूनथटून. पर्समधून पुडी काढून तिने मालकांपुढे ठेवली. मालकांनी ती उघडली, नाक मुरडलं आणि तुकडे झाकणाच्या वाटीत टाकून साबणबाईकडे धाडले. मळासकट वजन कसं करणार?

साबणबाईने झाकण उघडलं. अत्तर आणि सडकं मांस, दोन्ही वास एकत्र. तिने वाटी उचलली, आरशांपुढून, बसलेल्या गिऱ्हाइकांमधून चालत पुढे आली आणि ती थोरलीसमोर काचेवर ठेवली.

"हे मी धुणार नाही."

"म्हणजे?" मालक कसनुसं हसले. "अहो, मळ तर आहे."

"मळ नाही. यांच्या सासूबाईंचं मांस आहे." ती ओरडली नाही, पण दुकानात सगळीकडे ऐकू गेलं. "जिवंत आहेत त्या. बोट गेलंय त्यांचं. यांनी घरी पक्कड लावली होती. पाच दिवस झाले, याच्यावर पाणीसुद्धा टाकलं नाही कुणी. ज्यांचं आहे त्यांनी धुवावं."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी आपली ट्रायलला घातलेली अंगठी हळूच काढून ठेवली. थोरलीचा चेहरा पडला, मग लाल झाला. "तोंड सांभाळून बोला," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. वाटीला हात लावायलाही ती तयार होईना.

शेवटी वाटी मालकांनी उचलली. आतल्या खोलीत नेऊन, बाह्या सरसावून, स्वतः धुतली. वजन केलं, सौदा पुरा केला, दोन प्लॅटिनमच्या अंगठ्या मखमली डब्यांत घालून थोरलीला दारापर्यंत पोचवलं. परत येताना साबणबाईपाशी थांबले. "धंदा आहे बाई. डोळे मिटून करायचा." त्यांच्या ओल्या हातांना अजून वास येत होता. त्यांनी तेच हात पुढे करून तिच्या टेबलावरचा डबा उघडला आणि त्यातली बिस्किटं खाल्ली. त्या दिवशी तिने उरलेली बिस्किटं डब्यासकट टाकून दिली.

म्हातारी दवाखान्यातून त्या घरी परत गेलीच नाही. तिची एक भाची शाळेत शिकवायची. डॉक्टरीणबाईंनी तिला कळवलं आणि ती मावशीला आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेली. साबणबाई एका रविवारी भेटून आली. म्हातारीचे केस बारीक कापले होते. खिडकीपाशी बसून ती शाबूत हाताने शेंगा सोलत होती आणि भाचीला, तू फार हळू सोलतेस, म्हणून हिणवत होती. अंगठीचा विषय तिने काढला नाही, साबणबाईनेही काढला नाही.

थोरली चारेक महिन्यांनी पुन्हा दुकानात आली. काहीच न घडल्यासारखी कोपऱ्यात येऊन तिने हात पुढे केला. "बघा हो, प्लॅटिनमची चमक जरा उतरलीय."

"काढून ठेवा," साबणबाई म्हणाली. बोटाला बोट लागू न देता तिने अंगठी चिमट्याने उचलली आणि भिंगाखाली धरली. दोन-चार बारीक ओरखडे आणि साबणाचा जरासा पांढरा थर, बाकी अंगठी स्वच्छ होती. तिने ती रोजच्यासारखी धुतली, पुसली, परत दिली. थोरली गेल्यावर मात्र तिने वाटीतलं पाणी ओतलं, वाटी घासली, ब्रश कचऱ्यात टाकला आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.